हातचा

पहिल्या हंगामात आम्ही जिंकलो होतो.
व्हिन्श्गाऊच्या खोऱ्यात, बागेतल्या सातव्या ओळीत,
यंत्राने अकराशे सफरचंदं उतरवली
आणि एकालाही डाग नाही.
टप्पाइनरने पेटीतलं एक उचललं, कोटाला पुसलं,
उभ्या उभ्या खाल्लं, बियांसकट.
एग्बर्टने माझ्या पाठीवर थाप मारली.
सिलिकॉनची तीन बोटं, हवा ओढणारा पंप,
दोन कॅमेरे, ओढ मोजणारा काटा.
कुठे काही चुकलं नव्हतं.

नोटबुर्गा शिडीच्या खालच्या पायरीवर
एक फळ सोलत बसली होती,
साल न तुटता लोंबत होती गुडघ्यापर्यंत.
"एप्रिलात बघू," म्हणाली.
आम्हाला वाटलं,
म्हातारीचा यंत्रावर राग आहे.

एप्रिलात एका रात्री पारा उणे चारवर गेला.
खोरंभर फवारे सुरू झाले.
इथे फुलांना थंडीपासून वाचवायला
त्यांच्यावर बर्फच चढवतात.
उजाडलं तेव्हा सहाव्या ओळीत
काचेच्या थेंबाथेंबात एकेक गुलाबी फूल कोंडलेलं,
आठव्या ओळीतही.
सातवीत नुसती काच.
काड्यांवर, मोडलेल्या गाठींवर,
जपायला काही नाही अशा जागांवर
मनापासून चढलेली काच.

हातातला दिवा विझवायचं मला सुचलं नाही.

सफरचंदाच्या देठालगत, तांदळाएवढा,
पुढच्या वर्षाचा डोळा असतो.
फळ सरळ ओढलं की गाठच मोडते,
डोळा फळाबरोबर येतो, पेटीच्या तळाशी जातो,
पाचोळ्यातून त्याला कोण निवडणार?
यंत्राला डोळे दोन दिले होते,
हा तिसरा त्यांना कधी दाखवलाच नव्हता.
फळं मोजली, डाग मोजले, बेरीज बरोबर आली.
हातचा तेवढा धरायचा राहिला.

मग जुन्या नोंदी काढल्या.
यंत्र बांधण्याआधी नोटबुर्गाच्या हाताला
तारांनी विणलेला मोजा चढवला होता आम्ही,
सांधे इतके सुजलेले की साबण लावावा लागला.
पडद्यावर तिचा हात रेघ होऊन चालायचा:
तळवा फळाखाली, मग वर उचलून वळवणं, मग सुटणं.
आणि वळवण्याआधी, दर फळाला,
एक सपाट तुकडा.
अर्धा सेकंद.
तो मीच कापून टाकला होता,
"वाया वेळ" असा शेरा मारून.
अक्षर माझंच.

विचारलं तर ती गोंधळली. "मी कुठे थांबते?"
मग फांदीपाशी गेली, डोळे मिटून एक फळ तोडलं,
आणि स्वतःच्या अंगठ्याकडे
भाडेकरूकडे बघावं तशी बघत राहिली.
"हा," म्हणाली, "हा आधी चाचपून येतो वाटतं.
मला न सांगता."

अर्धा सेकंद परत द्यायला दोन वर्षं लागली.
आता यंत्राला अंगठा आहे, रबरी, कुरूप,
टोकाला मांजराच्या मिशीएवढ्या तारा.
टप्पाइनर घड्याळ बघतो आणि सुस्कारा सोडतो.
अंगठ्याला डोळा सापडला नाही
तर यंत्र ते फळ तिथेच ठेवून पुढे सरकतं,
नवातलं एक.
अहवालात हे मी "उणिवा" या सदरात लिहिलंय,
दुसरं सदर नव्हतं.

मागून नोटबुर्गा टोपली घेऊन येते,
राहिलेली उतरवते.
काही तीही ठेवते.
"हे कच्चं आहे?" एग्बर्ट विचारतो.
"नाही."
"मग?"
"फार बिलगलंय. पडेल तेव्हा पडेल."

एग्बर्ट वहीत काही लिहितो, खोडतो.
पुढच्या झाडापाशी यंत्र हात वर करतं
आणि थांबतं.