कुठंतरी पाणी मुरतंय

दुकानातला पोरगा म्हणाला, दहा हजार मिलिमीटर.
म्हणजे ह्या कापडावर दहा मीटर उंच
पाण्याचा खांब उभा केला
तरी आत थेंब येणार नाही.
म्हटलं, माझ्यावर कोण खांब उभा करतंय?
मला फक्त फ्रानेकरहून हार्लिंगनला जायचंय,
रोज पहाटे साडेपाचला, सायकलवर.

आमच्या फ्रीसलँडला डोंगर नाहीत.
जो काही चढ तो वाऱ्याचा.
नोव्हेंबरात तो समुद्राकडून येतो,
स्वतःच स्वतःला प्यायलेला,
आणि पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो.
मला तर तो पहिल्यापासून पाण्यात पाहतो.

म्हणून आत लोकरीचा पातळ गंजी,
त्यावर अस्तराचं जाकीट,
त्यावर ते दहा हजारवालं, पिवळं,
शिवणीशिवणीला आतून पट्टी चिकटवलेलं.
पायमोज्यांवर पावाच्या रिकाम्या पिशव्या, मग बूट.
(पिशव्यांचं त्या पोराला काही माहीत नव्हतं.)

तरी सहाव्या किलोमीटरला पाठ ओली.
थांबून दिव्याखाली चेन तपासली, गळा तपासला.
कुठंतरी पाणी मुरत होतं.
मनगट चाटून पाहिलं. खारट.
समुद्र अजून चार किलोमीटर पुढे होता.

पहिलं घर बाउकेचं.
चाळीस वर्षं कोळंबीच्या बोटीवर,
आता चार वर्षं खुर्चीत.
मी दारात निथळत असते, तो आतून ओरडतो:
आतून भिजलीस की बाहेरून?
आतून.
मग जाकीट बरं आहे. तूच घाई करतेस.

माझे हातमोजे त्याला पटत नाहीत.
मी त्यांची कड बाहीच्या आत खोचते.
बाहीवर घाल, बाहीवर, तो म्हणतो.
जाळं ओढताना हात वर असतात,
पाणी बोटांवरून कोपराकडे धावतं,
कोपरातून काखेत, आणि जानेवारीत काखेत पाणी म्हणजे
(पुढचा शब्द बोटीवरचा आहे, लिहीत नाही).
मी म्हणते, माझे हात हँडलवर,
माझं पाणी बोटांकडे उतरतं,
तुझं ऐकलं तर मोज्याची बादली होईल.
तीन हिवाळे हे चाललंय.
त्याची मुलगी फोक्ये म्हणते, लग्नच करा तुम्ही दोघं.

आज आंघोळीचा दिवस.
हात वर करा, मी म्हटलं.
भर वादळात इंजिन बंद पडलं
तेव्हाही ह्या माणसानं ते केले नव्हते.
आज केले. जातात तेवढेच, कानापर्यंत.
मी स्पंज पिळला.
पाणी बोटांवरून निघालं, मनगटाशी जरा अडलं,
कोपराला वळसा घालून
सैल कातडीच्या घड्यांतून
काखेत.
हात तसेच ठेवून तो म्हणाला, बघ.
बघ कुठून शिरतं ते.

बघितलं.
मग रेडिएटरवरचा टॉवेल घेतला
आणि काखेपासून टिपत गेले, बोटांकडे.

निघताना त्यानं माझी बाही धरून ठेवली.
जाकिटाला दोन्ही काखांत वीतवीतभर चेन आहे,
ऑक्टोबरपासून मी ती शोभेची समजत होते.
ही उघडी टाक, तो म्हणाला.
थोडी थंडी आत घे. सगळीच बाहेर ठेवायला जातेस
म्हणून भिजतेस.

बाहेर पाऊस तसाच, आडवा.
डावी चेन उघडली. उजवी राहू दिली.
बरगडीला वारा लागला, बर्फातल्या मासळीसारखा,
आणि तोंडातून बाउकेचा तो शब्द निघाला.
पाठ सुकली की नाही, सांगता येत नाही,
पुढचं घर धक्क्यापाशीच होतं.

हातमोजे अजून बाहीच्या आतच आहेत.

धक्क्यापाशी येल्त्येबाई राहतात.
त्यांना माझ्याकडून आंघोळ नको असते, गोळ्याही नकोत.
दाराजवळच्या दुसऱ्या खुंटीवर
कुणाचं तरी ओलं जाकीट टांगलेलं असावं,
खाली फरशीवर त्याचं पाणी ठिबकत असावं,
एवढंच.