प्रमाण तापमान

फड मॅडमनी फळ्यावर लिहिलं :
शून्य अंश सेल्सिअस, एक वातावरण दाब.
म्हणाल्या, ह्याला प्रमाण म्हणायचं.
इथं एक मोल वायू
बावीस पूर्णांक चार लिटर जागा घेतो.
आणि लिटर लिहायला विसरू नका,
एककाचा अर्धा गुण असतो.

इथं म्हणजे कुठं, ते सांगितलं नाही.
गंगाखेडात एप्रिल होता.
पंखा गरम हवा नुसती ढवळत होता,
आणि शेजारी शिवकन्या
ओढणीचं ओलं टोक मानेवर दाबून
शून्य अंशाचं गणित सोडवत होती.

भौतिकशास्त्राच्या तासाला जग आणखी गुळगुळीत.
समजा, पृष्ठभागाला घर्षण नाही.
समजा, दोरीला वजन नाही.
समजा, हवेचा विरोध नगण्य आहे.
घर्षण नसलेली जागा आमच्याकडं एकच,
नदीघाटाच्या खालच्या चार शेवाळलेल्या पायऱ्या.
दगडूमामाचं मनगट तिथंच मोडलं.
हवेनं काही विरोध केला नाही.

संध्याकाळी स्टेशनरोडला, आमच्या गाड्यावर,
गोटी सोड्याच्या बाटल्या विसळताना
मी टाकीवरचं वजन वाचलं.
आत आठ किलो आठशे ग्रॅम गॅस.
भागिले चव्वेचाळीस : दोनशे मोल.
चार हजार चारशे ऐंशी लिटर,
पण ते शून्य अंशाला.
मग त्रेचाळीसमध्ये दोनशे त्र्याहत्तर मिळवले,
बर्फाच्या बिलाच्या पाठीवर गुणलं, भागलं :
पाच हजार एकशे पंच्याऐंशी, वर थोडं.

"दादा, बाटलीला लिटरभर गॅस समजा,
तर एका टाकीत पाच हजार बाटल्या निघाया पाहिजेत."

दादांनी पान्यानं टाकीवर टक् केलं,
कान लावला.
"साडेतीन हजार. वर एक निघत न्हाई."
"मग बाकीचा जातो कुठं?"
"वायसर झिजलंय. दहा-पाच बाटल्या फुटतेत.
पोरं गोटी दाबून नुस्ता आवाज काढतेत, पीत न्हाईत.
ते तुझं समजा हाय ना बाय,
त्यात ह्यातलं कायबी न्हाई."

मी बिलावर लिहिलं : घट, दीड हजार बाटल्या.
आणि खाली रेघ मारली,
उत्तराखाली मारतात तशी.

सराव परीक्षेत तोच प्रश्न आला.
खाण्याचा सोडा बेचाळीस ग्रॅम, आम्ल भरपूर,
प्रमाण स्थितीत वायू किती?
उत्तर अकरा पूर्णांक दोन, हे मला येत होतं.
पण खिडकीतून झळ आत येत होती,
घामानं कागद हाताला चिकटत होता,
आणि हात आपोआप
तीनशे सोळा केल्विन लिहून गेला.
बारा पूर्णांक शहाण्णव लिटर.

मॅडमनी लाल शाईनं विचारलं :
हे तापमान कुठून आणलं?

कुठून म्हणजे.

मी पेन्सिलीनं, बारीक अक्षरात, खाली लिहिलं :
गंगाखेड.

अर्धा गुण मिळाला.
एकक बरोबर होतं.