तरफेच्या तारा

ग्लेनिसबाई सकाळी दहाला येतात,
दर्ग्याच्या बाजूनं, चालत.
चपला पायरीखाली काढतात
आणि नमस्काराच्या आधी विचारतात,
"काल रात्री काय केलं त्यांनी, ऐकलंत?"

त्यांनी म्हणजे अमेरिकेनं.
बाई तिथल्या नव्हेत.
बाई कॅनडाच्या, विंडसर गावच्या,
तीस वर्षं बर्फातून टपाल वाटलेल्या, युनियनच्या.
ज्या पक्षाला मत देतात तो कायम तिसरा येतो,
हे सांगताना जरा ताठ बसतात.

त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून नदी दिसते,
पलीकडे अमेरिका, सगळे दिवे लावून बसलेली.
"चाळीस वर्षं भांडी घासताना तिच्याकडे बघतेय.
तिथं मला मत नाही.
पण तिनं जकात वाढवली
की माझ्या भाच्याची पाळी बंद."

मी भोपळ्यावर पॉलिश पेपर फिरवत हं म्हणतो.
मंगळवेढ्याकडचा भोपळा, तीन वर्षं माळ्यावर वाळलेला,
त्याला घाई चालत नाही.
सतार दिवाळीनंतर, असं बाईंना सांगितलंय.
बरंच झालं, म्हणाल्या,
तोवर ती खिडकी नको.

एकदा फारच चिडल्या.
दवाखान्याच्या बिलापायी घरं विकतात लोक!
बंदुका किराण्यासारख्या!
आणि मत पुन्हा त्यांनाच, पुन्हा त्यांनाच!
चहावर साय धरली.
मोहसीन खुंट्या घासत होता, मान वर न करता म्हणाला,
"मावशी, तुमच्याकडं सगळं ठीक आहे ना पण?"

"आमच्याकडे दवाखाना..."
इथवर आल्या, आणि अडल्या.
गल्लीतून एक रिक्षा गेली.
मग म्हणाल्या, उत्तरेला वस्त्या आहेत,
मूळच्या लोकांच्या.
काही ठिकाणी वर्षानुवर्षं पाणी उकळून पितात.
आमचा नकाशा बघा, नुसता निळा, इतके तलाव.
"त्याच्यावर मी एवढी कधी ओरडले नाही."

मी काय बोलणार.
जुलै आला की आमचंही तेच.
आयर्विन पुलाखाली किती फूट, कोयनेतून किती सोडलं,
आलमट्टीचे दरवाजे किती उघडे,
दुसऱ्या राज्यातल्या धरणाचे आकडे
पोरांच्या मार्कांसारखे तोंडपाठ.
शिव्या सगळ्या तिकडं रवाना.
ओढ्यात भर टाकून प्लॉट कुणी पाडले
ते पाणी उतरलं की कुणालाच आठवत नाही.
त्यातला एक माझ्या मेव्हण्याचा आहे.

दुरुस्तीला आलेली एक जुनी सतार
बाईंच्या मांडीवर दिली, हात बसावा म्हणून.
विचारलं त्यांनी, ह्या खालच्या बारीक तारा कशाला?
म्हटलं, तरफा. ह्यांना नखी लावायची नाही.
वरची वाजली की ह्या आपल्या आपण बोलतात.

"म्हणजे आम्ही," बाई म्हणाल्या.
हसल्या. मग हसायच्या राहिल्या.
बाजाच्या तारेवर बोट मारलं, कान लावला.
एकदा. परत एकदा.
खाली नुसती खरखर.
बोलत का नाहीत ह्या?

उतरल्यात, म्हटलं.
तरफ आधी स्वतःच्या सुरात लागावी लागते, बाई.
वरचीनं कितीही आपटलं
तरी ढिली तार काही सांगत नाही.

हे मी सतारीबद्दलच बोललो होतो.
त्यांनी माझ्याकडं असं बघितलं
की मी उगाचच सरसाची वाटी शोधायला उठलो.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता आल्या.
चपला काढल्या. फोन हातातच.
"ऐकलंत?"

ऐकलं, म्हटलं.
बसा. ही अकरावी राहिलीय.