पाचवी गुंडी

लग्न होऊन जतहून तेलसंगला आले
तेव्हा कानडी मला अर्धीच ऐकू यायची,
उरलेली मी अंदाजानं भरून घ्यायची.

म्हणून कृषी केंद्राची सुवर्णा बिरादार
बांधावर उकिडवी बसून, ढेकूळ दगडावर आपटत
"मण्णिगे हसिवु इल्ल" म्हणाली,
तेव्हा मला वाटलं, म्हणतेय :
मातीला हसू नाही.
खरंच नव्हतं.
मका, पुन्हा मका, वर युरिया,
धसकटं पेटवलेली,
बोअरनं सहाशे फुटांवरून नुसती धूळ फुंकलेली.

नवरा म्हणाला, अगं, हसिवु म्हणजे भूक.
मातीची भूक मेलीय.

परीक्षा सोपी होती. सुती कपडा पुरायचा,
दोन महिन्यांनी उकरायचा.
मामंजींची बंडी मी दोरीवरून काढली, न विचारता;
विचारलं असतं तर दिली नसती.
पाच गुंड्यांची, खिशाला तंबाखूचा वास.
भाद्रपदात निघाली तशीच्या तशी.
बाळगोंडा आप्पांनी झटकली, धुतली
आणि घालून अथणीच्या बाजाराला गेले.

मग मायाप्पाची मेंढरं बसवली, सात रात्री.
बदल्यात दोन पोती जोंधळा
आणि त्याच्या पोरीला चपला.
उताराला आडवं पेरलं.
माझ्या माहेरी राळं, इथं नवणे;
नावावरून सासूशी वाद, ताटात एकच.
हुलगा जमिनीवर पालथा पसरला,
उन्हाला जागाच ठेवली नाही त्यानं.
करडईनं वर काटे काढले
आणि खाली मूळ सोडलं पुरुषभर,
शालूला न सापडलेली ओल हुडकत.
धसकटं जाळायची नाहीत, हे आप्पांना पटायला
दोन वर्षं आणि बरंच भांडण लागलं.

पाऊस त्या सालीही बेताचाच.
पण ढेकूळ आता बोटांत फुटायचं,
दशमीसारखं.

तिसऱ्या आषाढात तीच बंडी पुन्हा पुरली,
या वेळी विचारून.
"घ्या," म्हणाले, "तशीही विटलीय."

उकरताना खुरप्याला काही लागेना.
मग एक गुंडी.
मग पॉलिस्टरच्या दोऱ्यात लोंबणाऱ्या तीन.
काखेचा एक तुकडा, जाळी झालेला,
त्यातून गांडूळ सावकाश बाहेर आलं
आणि उजेड बघून परत गेलं.

आप्पा गुडघ्यांवर बसले. चार मोजल्या.
पाचवीसाठी तासभर माती चाळत राहिले,
ओंजळ ओंजळ, मधूनच नाकाशी नेत.
सापडली नाही.
"हसिदित्तु," म्हणाले. भुकेली होती.

कानडी मला आता नीट समजते.
तरी त्या दिवशी मी जुनीच चूक
मुद्दाम पुन्हा केली.

नव्या बंडीला त्याच चार गुंड्या लावल्यात.
पाचवं काज रिकामं.
पेटीत दुसऱ्या आहेत पांढऱ्या, मिळत्याजुळत्या.
लावू देत नाहीत.