दासीचं वाक्य

पहिलं पान गळालेलं,
म्हणून नाटकाचं नाव आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नाही.
शंभरेक वर्षांपूर्वीचं असावं :
राजा उठता-बसता 'अहाहा' म्हणतो,
आणि शोक करायचा झाला तरी
आधी दीड पान उपमा देतो.
नचिकेतने रात्री ऑफिसच्या मशीनवर प्रती काढल्या,
प्रत्येक पानाची उजवी कड तिरकी कापली गेली,
त्यामुळे बरीचशी क्रियापदं अंदाजाने.

फहाहीलमध्ये, लाँड्रीच्या वर, तिसरा मजला.
एका आड एक शुक्रवार.
बाहेर धूळ इतकी, की रिफायनरीची ज्योतसुद्धा
खोडरबराने पुसत आणल्यासारखी.
वाघुळदेकाकांनी पात्रं वाटली,
हळदीकुंकवाच्या वाणासारखी, ज्याच्या-त्याच्या तोंडाकडे बघून.
राजा पारकर, बोटीवरचा, आवाज भोंग्याचा.
सेनापती नचिकेत. विदूषक स्वतः काका.
राणी अर्थात डॉक्टर मृणालिनी.
आणि सुगंधाताईंना दासी.
"चारच वाक्यं आहेत, सोपं जाईल तुम्हाला."

सुगंधाताई गुहागरकडच्या. शिक्षण सातवी.
सालमियात एका घरी अकरा वर्षं मुलं सांभाळतात,
त्यातलं थोरलं आता गाडी चालवतं.
सुट्टी दहा ते चार.
त्यांनी चष्मा पुसला, पान वरपासून खालपर्यंत पाहिलं.
जशी आज्ञा.
जशी आज्ञा, महाराणी.
दीप आणते.
जशी आज्ञा.
"हे तर मी रोज म्हणते," त्या म्हणाल्या, "अरबीतनं.
सुट्टीच्या दिवशी कशाला?
मला राणी द्या."

एसी तेवढा घरघरत राहिला.
मग डॉक्टरांनी आपली पानं पुढे सरकवली,
आणि फिरत फिरत दासी माझ्याकडे आली.
मी हिशेबनीस. मला मिशी आहे.

राणी ओळीखाली बोट धरून चालली,
जोडाक्षराशी थांबायची,
उंच उंबरठा आला की थांबावं तशी.
कंसातलंही सगळं वाचायची :
"कपाळास हात लावून, स्वगत, हे दैवा!"
नचिकेत पहिल्यांदा हसला. दुसऱ्यांदा नाही.
कारण नाटककाराची प्रत्येक सूचना
ताई आधी मोठ्याने ऐकवत होत्या
आणि मग पाळायची की नाही ते ठरवत होत्या.
कपाळाला हात त्यांनी एकदाही लावला नाही.

कॉलेजात असल्याच एका नाटकावर
दहा मार्कांचा प्रश्न होता : राणीचे स्वभावचित्र रेखाटा.
मी लिहिलं होतं, राणी त्यागमूर्ती आहे.
सात मिळाले होते.
इथे, बारा वर्षांनी परतलेल्या राजाला
"आलात?" एवढंच विचारताना
ताईंचा आवाज असा काही सपाट झाला,
की पारकरची पुढची 'अहाहा' घशातच राहिली.
त्याची बायको दापोलीत असते.
ते सात मार्क मला परत करावेसे वाटले.

मध्ये खुतब्याचा आवाज आला तेव्हा थांबलो,
पारकर नमाजाला जाऊन आला,
थालीपीठं गार झाली ती तशीच खाल्ली.
दुसरा अंक संपत आला.
"दासी, दीप ने," राणी म्हणाली.
"जशी आज्ञा," मी म्हणालो.
बोट ओळीवरून न हलवता ती म्हणाली,
"आणि जेवलीस का गं?"

मी माझ्या पानात शोधलं.
कापलेल्या कडेत गेलं असेल म्हणून
काकांनी मूळ पुस्तक उजेडात धरलं,
वाळवीची भोकंसुद्धा तपासली.
नव्हतं.
सगळे माझ्याकडे बघत होते
आणि मला तर वाक्यच दिलेलं नव्हतं.
होतं तेच म्हटलं :
"जशी आज्ञा."

खाली हॉर्न वाजला. चार.
ताईंनी राणीच्या पानांची चौघडी घातली,
पर्समध्ये सिव्हिल आयडीच्या मागे सरकवली.
"तिसऱ्या अंकात राणी मुकाट्याने वनात जाते,"
काका दारापर्यंत सांगत आले.
"जाते का ते बघू,"
त्या म्हणाल्या, चपलांच्या ढिगात आपली जोडी शोधत.