ळ

उदगीरच्या बाजारात
मेथीच्या जुडीवर परत आलेलं दोनाचं नाणं,
जुनं, कोनांचं.
आकड्याच्या पोटावर ठोकलेला एक ळ,
उजवं वेटोळं बुजलेला.

ळ पासून कुणाचं नाव सुरू होतं?

घरी येऊन आईची घागर उलटी केली.
कमळबाई नरसिंग बिरादार. मामाकडून.
तोच ळ. तसाच, एका डोळ्यानं आंधळा.

म्हणजे चौबाऱ्याजवळचे खाजामियाँ.
मांडीत लग्नाची भांडी, दातांत विझलेली बिडी,
आणि भांड्याला हात लावायच्या आधी
प्रत्येक ठसा खिशातल्या चिल्लरीवर मारून बघायचे.
"लेकीचं नाव बिघडलं, की बिघडलंच बगा."
ळ कधीमधीच लागायचा, गंजायचा,
म्हणून त्यालाच जास्त ठोके.

आता नाव मशीन घालते, किर्र करत.
ठसे भंगारात गेले म्हणे, किलोवर.

जळकोटच्या गाडीत दोन रुपये सुट्टे मागितले.
माझ्याकडं तेवढंच होतं.
कंडक्टरनं उलटंपालटं करून पाहिलं,
"कुणी खराब केलंय की हो हे," म्हणाला,
आणि टाकलं कातडी पिशवीत.

उतारावर सगळी चिल्लर मिळून वाजत होती.
मी उगाच कान देऊन बसलो.