खमीस

राजेह आणि माझा भाऊ जिर्यस
एकाच पिकअपच्या हौद्यात बसले होते,
सफरचंदांच्या खोक्यांवर.
पहाटे चारला, बैरुतकडे उतरताना
तिसऱ्या वळणावर ब्रेक गेला.
खोकी बरीचशी वाचली. दुसऱ्या दिवशी कुणी ती विकलीही.
आम्ही काही बोललो नाही.

नझीरामावशीकडे त्याच दिवशी संध्याकाळी दफन झालं.
पांढऱ्या टोपीतले शेख म्हणाले, मोठ्यानं रडू नका,
पोरगं आत्ता कुठंतरी पहिलं रडतंय,
त्याला उगाच मागे वळून बघावंसं वाटेल.
द्रूझ लोक असं मानतात.
देह म्हणजे खमीस,
एक उतरवायचा, श्वासही न घेता दुसरा घालायचा.

आमच्याकडे घंटा. पांढरी पेटी, लग्न राहिलं होतं म्हणून.
चाळिसाव्या दिवशी आईनं गहू उकडला,
वर साखर पसरली, बदामांचा क्रूस काढला.
पाद्री म्हणाले, पेरलंय, उगवेल.
आईनं विचारलं, कधी?
शेवटच्या दिवशी, ते म्हणाले.
आईची सगळी हयात शेतात गेलेली.
पेरणी झाली की तिला महिना सांगावा लागतो.

सहा वर्षांनी डोंगरापलीकडून एक मुलगा आला.
फाटक कुठल्या बाजूला उघडतं ते त्याला ठाऊक होतं.
अंजिराखाली चपला काढल्या, म्हणाला,
छाटणीचा चाकू पंपामागच्या भिंतीच्या भोकात आहे.
होता. गंजलेला.
मावशी त्याच्याकडे बघत राहिली.
तो म्हणाला, तू म्हातारी झालीस.
दिवसभर तिनं त्याला भरवलं,
तुतीचा रस, चिलगोजे घातलेला भात, पुन्हा रस.
अंधार पडल्यावर तो पेंगुळला आणि म्हणाला, आई.
मावशी उठली.
तो सोफ्याच्या कडेला बसलेल्या बाईला हाक मारत होता,
जी सकाळपासून पर्स मांडीवरून
खाली ठेवत नव्हती.

माझी आईही गेली होती, ताटली घेऊन.
वाकून तिनं हळूच विचारलं,
तू शेजारी होतास ना रे. तो काही बोलला?
मुलगा चघळता चघळता थांबला.
त्याचा हात गरम होता, म्हणाला.
आणि मग?
मग मी लगेच गेलो. मला नाही माहीत.

परत येताना आई निम्म्या वाटेत म्हणाली,
तिचा आला, पण खमीस दुसऱ्याचा.
माझा येईल तेव्हा तोच असेल,
तोच खांदा, तीच कपाळावरची खोक.
थोडं चालून म्हणाली, नझीराला आज झोप लागायची नाही.
घरी आल्यावर तिनं जिर्यसचा निळा सदरा इस्त्रीला काढला.
एरवी तो ईस्टरच्या आदल्या रात्री काढते.

ईस्टरला मध्यरात्री काळोख्या अंगणात
पाद्री ओरडतात, तो उठला आहे,
आणि मी सगळ्यांहून मोठ्यानं म्हणते, खरोखर उठला.
मनापासून म्हणते. हे आधी सांगून ठेवते.

मी प्रसूतिगृहात नर्स आहे.
त्या रात्री ड्यूटी माझी होती.
रजिस्टरात ते पान आहे, माझ्याच अक्षरात:
एक मुलगी, दोन वाजता.
एक मुलगा, चार वाजून वीस मिनिटं, तीन किलो शंभर,
नाळ मीच कापली, तेव्हा मला काहीच कळवलेलं नव्हतं.
त्याचे आईबाप आमच्यातलेच, ख्रिस्ती.
आमच्यात तसं काही नसतं.
पाद्रींना विचारलं तर रागावणार नाहीत, पण थकल्यासारखं बघतील.

त्यांच्या घराकडे मी गेलेली नाही.
बेकरीनंतर डावीकडे, दुसरा मजला,
बाल्कनीत तुळशीसारखं काहीतरी तुपाच्या डब्यात लावलंय.
इतकं रस्त्यावरूनही दिसतं.